छप्पन सालचे दोन पक्ष

कडुलिंबाची पानं गळायला लागली की मला एका जागी बसवत नाही. फाल्गुन सरत आलेला असतो. ग्वाल्हेरची थंडी न सांगता उठून गेलेली असते, आणि दुपारी लू सुटायच्या आधीचा तो कोरडा, धुळकट वारा दारंखिडक्या हलवून बघायला लागतो. दर्पण कॉलनीतल्या आमच्या घरासमोर एकच लिंब आहे, पण त्याची पानं तीन घरांची अंगणं भरून टाकतात. मी झाडते, मागे वळून बघते तर पुन्हा तेवढीच. सून म्हणते, "आई, खामखा कशाला दमून राहिल्या आहात? बाई येईल ती झाडेल." मी बसते आणि पाच मिनिटांनी परत उठते. कुणाला तरी काही सांगायचं राहून गेलंय, असं वाटत राहतं.

याच दिवसांत शेजारची जुई गच्चीवर फेऱ्या मारत पाठ करत असते. यंदा तिचा राज्यशास्त्राचा पेपर आहे. परवा कठड्यावरून वाकून म्हणाली, "आजी, तुम्ही हिस्ट्री केली होती ना? हे अमेरिकेचं बघा ना. सन अठराशेच्या इलेक्शनमध्ये दोघांना बराबर वोट मिळाले. मग छत्तीस बार वोटिंग. ये क्या बात हुई? दोघं एकाच पार्टीचे होते, आपसात ठरवून नाही घेता आलं?"

"मागे हटायला कुणी तयार नव्हतं," मी म्हटलं.

"मतलब ईगो."

"मतलब तेच."

ती पुन्हा फेऱ्या मारायला लागली. माझ्या हातातला झाडू मात्र तसाच राहिला.

छप्पन साली मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमचं तीन खोल्यांचं घर, वरच्या मजल्यावर. वारा तिकडचा असला की पहाटे बिडला नगरच्या गिरणीचा भोंगा ऐकू यायचा. त्या भोंग्याला उठायचं, पुस्तक उघडायचं आणि पुढच्या भोंग्यापर्यंत मान वर करायची नाही, असा माझा नेम होता. त्या वर्षी तो रोज मोडला. आमच्या इतिहासाच्या बाईंची बदली झाली होती. जागेवर कुणी आलं नव्हतं. कोण कुठे जाणार, कोण येणार, याचीच चर्चा सगळ्या गावात चालू होती. आठ वर्षांपूर्वी संस्थान मध्यभारतात विलीन झालं, तेव्हा राजधानी वर्षातले काही महिने आमच्याकडे आणि काही महिने इंदूरला, असं वाटून घेतलं होतं. आता खुद्द मध्यभारतच मोडणार होता. मोठं राज्य होणार आणि राजधानी भोपाळला जाणार, असं जो तो म्हणत होता. भाजीवालीसुद्धा काकड्या तोलताना विचारायची, "बिटिया, तुम लोग भी जा रहे हो क्या?"

अण्णा, म्हणजे माझे वडील, मोती महालात सचिवालयात हेडक्लार्क होते. कुठल्या फायली जातील, कुठल्या राहतील, याच्या याद्या करायचं काम त्यांच्याकडे होतं. संध्याकाळी घरी आले की आधी हात धुवायचे. जुन्या दफ्तरांची पिवळी धूळ कोपरापर्यंत चढलेली असायची.

आणि नानाकाका. ते वकील होते, दौलतगंजात राहायचे, आणि अण्णांचे शाळेपासूनचे मित्र होते. अण्णांचे पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर आले, नानाकाकांचे दफ्तराबरोबर. "तुझे घोड्यावरून आले, माझे कागदांच्या उंटावरून," असं नानाकाका म्हणायचे, "आणि बघ दत्तू, आता तू कागदांत बसलास आणि लढतोय मी!" अण्णांना 'दत्तू' म्हणणारं जगात तेवढं एकच माणूस उरलं होतं.

लढतोय म्हणजे खरंच लढत होते. ग्वाल्हेरचं महत्त्व जाऊ नये म्हणून त्यांनी एक निवेदन तयार केलं होतं आणि त्यावर सह्या घेत ते गावभर फिरत होते. अण्णा म्हणायचे, मोठं राज्य झालं तर बरंच आहे. लहान लहान संस्थानांचे हेवेदावे त्यांनी दफ्तरात बसून उभी हयात बघितले होते.

बाईंची बदली झाल्यावर दोघांनी ठरवलं, सुमीचा, म्हणजे माझा, अमेरिकेच्या इतिहासाचा पेपर आपण दोघं मिळून करून घेऊ. सकाळी अण्णा, संध्याकाळी नानाकाका. पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की हे दोघं मला एकच पुस्तक शिकवत नाहीयेत.

पुस्तकात होतं ते असं. नवा देश झाला. पहिल्या अध्यक्षाला सगळ्यांनी एकमतानं निवडलं, आणि त्यानं जाताना बजावून सांगितलं की बाबांनो, तट पाडू नका. पण तट त्याच्या डोळ्यांदेखतच पडले होते. एक पक्ष संघवाद्यांचा: मधलं सरकार मजबूत हवं म्हणणारा. दुसरा प्रजासत्ताकवाद्यांचा: राज्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या हातात सत्ता राहू द्या म्हणणारा. दुसरा अध्यक्ष पहिल्या पक्षाचा, तिसरा दुसऱ्या पक्षाचा. आणि हे दोघं एकेकाळी जिवाभावाचे मित्र. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिताना खांद्याला खांदा लावून बसलेले.

"तेरा राज्यं तेरा दिशांना ओढत होती," अण्णा सकाळी सांगायचे. "मधे एक खांब नको? छप्पर कशावर उभं राहणार?"

संध्याकाळी मी हे नानाकाकांना सांगितलं की ते खोलीत फेऱ्या मारायला लागायचे. त्यांची खोली भांड्यांच्या दुकानाच्या वर होती. खाली तांब्याच्या पत्र्यावर हातोडे पडत असायचे, त्यामुळे त्यांना ओरडूनच शिकवावं लागे. "खांब हवा! कोण नाही म्हणतो? पण खांब एवढा जाडा केला तर माणसांनी राहायचं कुठे? हे लिही. अशा शब्दांत नको, पण हेच लिही."

रविवारी दोघं आमच्याकडे पोह्यांना एकत्र बसत. तेव्हा मी वही घेऊन मधे बसायची. अमेरिकेवरून सुरू झालेलं बोलणं तिसऱ्या घासाला मोती महालावर यायचं.

"भाषेवर राज्यं कापून राहिले आहेत," नानाकाका म्हणाले. "मग सांग दत्तू, आपली भाषा कुठल्या तुकड्यात येते?"

"जिथे राहतो तिथली आपली. सुमी पेपर हिंदीत लिहिते, भांडते मराठीत. अजून काय हवं?"

"तू सही करणार नाहीस तर."

"सरकारी नोकर आहे मी, नाना."

"आणि नसतास तर?"

अण्णांनी हातातली बशी खाली ठेवली. "तरी केली नसती," ते म्हणाले.

आई आतून म्हणाली, "पोहे थंड होऊन राहिले आहेत." दोघं हसले. पण नानाकाकांचं हसू जरा आधीच थांबलं, हे मी बघितलं.

जुईला मी यातलं काही सांगितलेलं नाही. तिला पाच मुद्दे हवेत, पाच मुद्द्यांचे पाच गुण. मलाही तेव्हा तेवढंच हवं होतं. माणूस पेपरच्या दिवसांत आंधळा होतो. घरात काय चाललंय, कुणाचा चेहरा उतरलाय, हे दिसतं, पण ते 'अभ्यासक्रमात नाही' म्हणून बाजूला टाकलं जातं.

पेपरला तीन आठवडे राहिले असतील. त्या संध्याकाळी नानाकाका कोर्टातून थकून आले होते. हायकोर्टाचं काय होणार ते कळत नव्हतं, निवेदनावर सह्या करतो म्हणालेल्या दोघातिघांनी ऐन वेळी पाय मागे घेतला होता. मला ते सन अठराशेच्या निवडणुकीबद्दल सांगत होते. दोन्ही पक्षांची वर्तमानपत्रं एकमेकांवर कशी चिखलफेक करायची, कालचे मित्र आज कसे तोंडाला येईल ते छापायचे, हे सांगता सांगता ते थबकले. खालचे हातोडे नेमके त्याच क्षणी थांबले होते.

"आणि आपल्याकडे काय वेगळं आहे?" ते हळू आवाजात म्हणाले. "गाव लुटून नेतायत आणि तुझे अण्णा आत बसून गाठोडी बांधून देतायत. तीस-पस्तीस वर्षं दोस्ती केली, ती एका हमालाशी."

मग हात झटकून म्हणाले, "चल, पुढचं लिही. छत्तीस वेळा मतदान."

मी लिहिलं. घरी आले. जेवताना अण्णांनी विचारलं, किती झालं. मी सांगितलं तेवढं त्यांना पुरेसं वाटलं नाही. "नानाकडे नुसत्या गप्पा होतात. उद्यापासून दोन्ही वेळा मीच घेतो," ते म्हणाले. मला झोप कमी होती, डोळे चुरचुरत होते, आणि अण्णांचा तो शांत, ठरवून टाकणारा सूर त्या दिवशी सहन झाला नाही.

"तुम्ही काय घेणार?" मी म्हटलं. "नानाकाका म्हणतात तुम्ही हमाल आहात. गाव लुटणाऱ्यांची गाठोडी बांधून देता."

अण्णांचा हात आमटीभातावर थांबला. मग त्यांनी जेवण पुरं केलं, ताटात एक शीतही न ठेवता. हात धुतला आणि आतल्या खोलीत गेले. आई माझ्याकडे बघत राहिली. "काय बोलून गेलीस ग," एवढंच म्हणाली.

हमाल हा काही हलका शब्द नव्हे. नानाकाकांनी तो रागात हलका करून वापरला, आणि मी तो त्याहून हलका करून पोचवला. शिवाय त्यांचा थकवा, तो हळू आवाज, लगेच हात झटकणं, यातलं काहीच मी बरोबर नेलं नाही. नुसता शब्द नेला.

रविवारी नेहमीसारखी जिन्यातून हाक आली, "दत्तू, पोहे झाले का?"

अण्णा दारात उभे राहिले. "या नानासाहेब. बसा."

नानाकाका हसले. त्यांना थट्टा वाटली. "हे काय नवीन? काय रे, झालं काय?"

"काही नाही. आपण पोहे घ्या. मला दफ्तरात जायचं आहे."

"आज रविवार आहे, दत्तू."

"हमालांना रविवार नसतो."

नानाकाकांनी आधी अण्णांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी पुस्तकात बघत होते. एकही ओळ दिसत नव्हती, पण बघत होते. त्यांनी समोरचं पाणी प्यायलं, काठी घेतली आणि म्हणाले, "येतो मी. आपल्याला उशीर होत असेल, दत्तात्रेयराव."

'आपल्याला.' ज्यांनी एकमेकांना शाळेच्या पहिल्या दिवसापासून अरेतुरे केलं, त्यांच्यात हा एवढा आदर आला आणि सगळं संपलं.

नवल हे की नानाकाकांनी माझी शिकवणी बंद केली नाही. दुसऱ्याच दिवशी निरोप आला, वेळेवर ये. अण्णांनीही मला अडवलं नाही. पेपरपर्यंत मी रोज दौलतगंजात त्यांच्यासमोर बसले. त्यांनी मला दोन्ही पक्षांच्या बाजू शिकवल्या, अगदी अण्णांची बाजूसुद्धा, आणि एरवीपेक्षा जास्त समजावून. अण्णांचं नाव एकदाही काढलं नाही. घरी अण्णाही शिकवत होते. दोघंही एकाच मुलीला एकच धडा शिकवत होते आणि एकमेकांशी बोलत नव्हते. मी मधे. रोज वाटायचं आज सांगावं. नानाकाकांना सांगावं की ते मी बोलले, अण्णांना सांगावं की ते असं बोलले नव्हते. मग वाटायचं, पेपर झाल्यावर.

पेपरात नेमका तोच प्रश्न आला. मी पुरवण्या लावून लिहिला. दुसरा अध्यक्ष निवडणूक हरला आणि तिसऱ्याच्या शपथविधीला न थांबता त्या दिवशी पहाटेच गावातून निघून गेला, हेही लिहिलं. हॉलबाहेर आले तर ऊन पेटलेलं, लिंबाची नवी पालवी ताम्रवर्णी झालेली, मैत्रिणी प्रश्न जुळवून बघतायत. मी त्यांच्यात थांबले नाही. इतका चांगला पेपर मी आयुष्यात दुसरा लिहिला नाही, आणि इतकी अस्वस्थ होऊन कुठल्याच परीक्षेतून बाहेर आले नाही. पेपर झाल्यावर सांगायचं होतं, तेही सांगितलं नाही. जितके दिवस जातात तितकं बोलणं जड होतं.

नोव्हेंबरात नवं राज्य झालं. त्या सुमारास अण्णा दफ्तराबरोबर भोपाळला गेले. माझं एम.ए. चालू झालं होतं म्हणून मी आणि आई इथेच राहिलो. सकाळची गाडी होती. स्टेशनवर अर्धं लष्कर लोटलं होतं, ट्रंका, वळकट्या, फायलींच्या पेट्या. अण्णा डब्याच्या दारात उभे राहून, लोक ज्यावरून येत होते त्या पुलाकडे बघत होते. गाडी हलली तरी आत गेले नाहीत. नानाकाका आले नाहीत.

भोपाळहून पत्रं यायची. क्वार्टर अजून पुरतं झालेलं नाही, भिंती ओल्या आहेत, पुढच्या मोठ्या खोलीत दोरी बांधून धोतरं वाळत घालतो, असं एकात होतं. ते वाचून मी उठले आणि परीक्षेचं ते जाडजूड पुस्तक पुन्हा काढलं. कारण त्यातही हेच होतं. अमेरिकेची राजधानीही उचलून एका दलदलीच्या, अर्धवट बांधलेल्या गावी नेली होती. दुसरा अध्यक्ष नव्या घरात राहायला आला तो एक नोव्हेंबरला, आणि त्याची बायको त्या भल्यामोठ्या रिकाम्या दिवाणखान्यात कपडे वाळत घालायची. परीक्षेत या गोष्टीला गुण नव्हते, म्हणून मी ती वगळून पुढे गेले होते.

या खेपेला मी अभ्यासक्रमाच्या पुढचं वाचलं. तो दुसरा आणि तो तिसरा अकरा वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. मग एका जुन्या मित्रानं, तो डॉक्टर होता, दोघांनाही पत्रं लिहून लिहून पिच्छा पुरवला, की अरे, तो तुझी आठवण काढतो. शेवटी हरलेल्यानं आधी पत्र टाकलं.

मी त्याच दिवशी अण्णांना लिहिलं: नानाकाका परवा भेटले, तुमची चौकशी करत होते. हे खोटं होतं. मग दौलतगंजात गेले आणि नानाकाकांना म्हटलं, अण्णांनी पत्रात तुमची चौकशी केली आहे.

नानाकाका खटल्याचं ब्रीफ वाचत होते. चष्मा वर करून म्हणाले, "असं? काय शब्द होते?"

"नाना कसा आहे, असं."

"'कसा' आहे की 'कसे' आहेत? साक्षीदाराला शब्द नीट आठवायला हवेत."

"कसा," मी म्हटलं.

"हं," ते म्हणाले आणि पुन्हा वाचायला लागले. पण बराच वेळ त्यांनी पान उलटलं नाही.

अण्णांच्या उत्तरात याबद्दल एक अक्षर नव्हतं. मी पुन्हा लिहिलं. दर महिन्याला लिहीत राहिले. इकडचं खोटं तिकडे, तिकडचं इकडे. कधी कधी आपल्यालाच खरं वाटायचं.

पुढच्या दसऱ्याला अण्णा रजेवर आले. संध्याकाळी सोनं द्यायला निघताना टोपी घातली आणि मला म्हणाले, "चल. दौलतगंजात जाऊन येऊ." वाटेत सराफ्यातून जाताना एकदाच बोलले. "नाना माझी चौकशी करणाऱ्यातला नाही, सुमे. चौकशी करायचीच झाली तर तो उठून भोपाळला येईल. पण तू इतक्या वेळा लिहिलंस. तुला काहीतरी डाचत असेल म्हणून आलो."

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. समोरून बँड वाजत येत होता, आणि मी त्याचा आडोसा घेतला.

नानाकाका खिडकीशी बसले होते. अण्णांनी उंबऱ्यातून हात पुढे केला, त्यात आपट्याची पानं होती. नानाकाकांनी ती घेतली, बोटांनी सारखी केली आणि विचारलं, "भोपाळचं पाणी कसं आहे रे?"

"जड आहे. डाळ शिजत नाही."

"मग इथून नेत जा. बाकी सगळं नेलंतच. पाणी तेवढं राहून गेलंय."

आधी अण्णा हसले. मग दोघांनाही हसू आवरेना. नानाकाकांना ठसका लागला तेव्हा काकू पाणी घेऊन धावत आल्या. कुणी कुणाची माफी मागितली नाही. त्या रविवारचं नावही निघालं नाही. पंधरा मिनिटांत वाद सुरू झाला, भोपाळ चांगलं की वाईट, आणि मी भिंतीला टेकून खाली बसले.

पुढे अण्णा निवृत्त होऊन लष्करात परत आले. रविवारचे पोहे पुन्हा सुरू झाले. सगळं आधीसारखं झालं असं मात्र मी म्हणणार नाही. काही वाक्यांच्या जवळ आले की दोघंही जपून बाजूनं निघून जायचे. अण्णा आधी गेले, आजारी न पडता, एका हिवाळ्यात.

त्यानंतरच्या परीक्षेच्या दिवसांत मी नानाकाकांकडे गेले. मी तेव्हा कॉलेजात शिकवत होते, पर्यवेक्षण संपवून तशीच गेले. ते खूप म्हातारे झाले होते, ऐकू कमी यायचं. खालचं भांड्यांचं दुकान कुणी दुसऱ्यानं घेतलं होतं, हातोडे बंद झाले होते, तरी ते सवयीनं ओरडूनच बोलायचे. मी त्यांच्या कानाशी वाकले आणि इतक्या वर्षांचं एका दमात बोलून टाकलं. म्हटलं, नानाकाका, ते हमालाचं अण्णांना मीच सांगितलं होतं.

"मग दुसरं कोण सांगणार?" ते म्हणाले. "खोलीत आपण दोघंच होतो."

"तुम्हाला तेव्हापासून माहीत होतं?"

"त्या रविवारी तो बोलला ना, तेव्हाच कळलं."

"आणि तरी मला एका शब्दानं विचारलं नाहीत? दुसऱ्या दिवसापासून मी रोज तुमच्यासमोर येऊन बसत होते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मठ्ठ विद्यार्थिनीकडे बघायचे तसं.

"तुझी परीक्षा होती ना, सुमे," ते म्हणाले.